ॲक्सल ओढून काढू नका

मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून नुकतेच गॅरेजला लागलेल्यांसाठी लिहितोय. जॅक कुठे लावायचा, चाक कसं उतरवायचं हे येतं असं धरून चालतो. १९८३ साली मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या हळूहळू पुढच्या चाकांच्या जोरावर पळायला लागल्या. त्यामुळे पुढचा ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणारा शाफ्ट, उतरवायचं काम तुमच्या वाट्याला येणार, आज नाही तर उद्या. मागच्या चाकांवर पळणाऱ्या ॲम्बेसेडर-पद्मिनीवर हात बसलेले मेस्त्री अजून भेटतात. त्यांना मान द्या, पण या कामात त्यांचं सगळंच मनावर घेऊ नका.

तक्रार ओळखणं सोपं आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की चाकातून कट-कट येते, तो शाफ्टचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. वेग घेताना गाडी थरथरत असेल तर आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्या. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटलाय. गणपतीला कोकणात जाऊन आलेली गाडी आली तर चाकामागे टॉर्च मारूनच बघा.

हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, कोणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगून. बऱ्याच गाड्यांत नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती आधी बारीक छिन्नीने वर उचला. न उचलता इम्पॅक्ट गन लावणारे शूर वीर प्रत्येक गॅरेजमध्ये असतात आणि शाफ्टच्या आट्यांची वाट तेच लावतात. नट सैल झाल्यावर गाडी हलवू नका, बेअरिंग जातं. मग जॅक, आणि जॅकनंतर स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायला मालकाने सांगितलं तरी जायचं नाही. नोकरी दुसरी मिळते.

गिअर ऑइल आधी काढून घ्या. "थोडंसंच सांडतं" म्हणणाऱ्याला फरशी पुसायला लावा.

लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवला, आर्म टॉमीने, म्हणजे लांब लोखंडी पहारीने, खाली दाबला की नकल (हब धरणारा भाग) बाहेर झुकतो आणि शाफ्टचं टोक हबमधून मागे सरकवता येतं. अडकलं तर जुना नट टोकाशी समपातळीत लावा आणि लाकडाचा ठोकळा धरून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडी नाही. ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येतोय का तेही बघत राहा.

इथपर्यंत नव्या मुलाचंही काम ठीक चालतं. हबकडचं टोक सुटलं, शाफ्ट हातात लोंबकळतोय, आणि मन म्हणतं, आता ओढ की निघाला. मला नडलं ते नेमकं हेच.

चाक वर-खाली होताना गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर बदलतं, म्हणून आतला जॉइंट लांब-आखूड होणारा बनवलेला असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो तीन रोलरचा असतो. शाफ्टच्या टोकाला तीन बोटं, त्यांवर रोलर, आणि ते बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांमधून सरकतात. ते हाउसिंग गिअरबॉक्समध्ये सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्याने, पकडलेलं असतं. तुम्ही शाफ्ट ओढता तेव्हा सर्क्लिप सुटत नाही, रोलर खाचांमधून सरकत बाहेर येतात. हाउसिंग जागेवर, बूट ताणलेला, आणि शाफ्ट थोडा पुढे आला म्हणून तुम्ही खूश. अजून जोर लावला की रोलर खाचेबाहेर. यातली वाईट गोष्ट म्हणजे बूट शाबूत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. तसाच परत ढकलला तर रोलर वाकडे अडकतात, शाफ्ट बसत नाही, आणि दोष नव्या सर्क्लिपला दिला जातो.

म्हणून जोर फक्त हाउसिंगवर. टॉमीचं टोक हाउसिंगची कड आणि गिअरबॉक्सचं जाड अंग यांच्या मध्ये घाला आणि एक छोटा, पक्का झटका द्या. ऑइल सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर) टेकवायचं नाही, ॲल्युमिनियमच्या पातळ कडेवरही नाही. नाही सुटलं तर हाउसिंग थोडं फिरवून दुसऱ्या बाजूने झटका द्या. "टक्" करून सुटलं की एक हात हाउसिंगखाली, दुसरा शाफ्टखाली, आणि सगळं एका रेषेत बाहेर. रोलर निसटलेच तर घाबरू नका. बूटची क्लिप सोडून बूट मागे घ्या, साफ करा, ग्रीस भरा, परत जोडा. वेळ जातो, जॉइंट जात नाही.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना एक सांगतो. अमेरिका-कॅनडातले लोक घण घालताना दिसतात, कारण तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि सगळं गंजून एकजीव झालेलं असतं. आपल्या पुण्या-नाशिकच्या गाडीला तेवढी मारझोड लागत नाही. आणि "बघून शिक" म्हणत गाडीखाली पाठ करून बसणाऱ्या मेस्त्रीकडे फार काळ राहू नका. तो झटका बघून कळत नाही, टॉमी हातात घ्यावी लागते. चिरलेला, चिकटवायचा बूट लावून "ॲक्सल न काढता काम" करणाऱ्यांबद्दल मी न बोललेलंच बरं.

दोन्ही बाजूचे शाफ्ट एकदम काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागा सोडतात.

बसवताना सर्क्लिप नवी, हब नट नवा, सीलच्या ओठाला ऑइल. हाउसिंगच्या टोकाचे दात सीलवर घासू न देता शाफ्ट सरळ आत घ्या. सर्क्लिप बसली का हे बघायलाही हाउसिंगच ओढायचं, शाफ्ट नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, गाडी वर असतानाच, ब्रेक दाबून आवळा आणि मग त्याची कड खाचेत ठोका. गिअर ऑइल फिलर होलच्या पातळीपर्यंत भरा. मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून फिरवा, परत आल्यावर सीलखाली बोट फिरवा. तेल लागलं तर गाडी पुन्हा वर घ्या, ग्राहक कितीही घाईत असला तरी.