बचत गटाची वही बैठकीतच कशी लिहावी

गटाची वही सचिवाच्या मुलाने घरी लिहायची आणि बाकीच्यांनी खाली सह्या करायच्या, ही पद्धत आधी मोडा. अशा गटात पाच वर्षं काढूनही सदस्यांना आपल्या कर्जावरचं व्याज सांगता येत नाही. सगळ्यांसमोर लिहायला १२ जणींच्या गटाला तासभर जास्त लागेल, लागू दे.

बैठकीत चार गोष्टी हव्यात: इतिवृत्त (बैठकीत काय ठरलं त्याची नोंद), रोकड वही (आलेल्या-गेलेल्या पैशाची नोंद), खातेवही (प्रत्येकीच्या बचत-कर्जाचा वेगळा हिशेब) आणि प्रत्येकीचं पासबुक. हजेरी आणि मागचं इतिवृत्त वाचून झालं की आधी बचत, मग व्याज व हप्ता, मग दंड, आणि सगळी वसुली मोजून झाल्यावरच कर्जाची मागणी. क्रम उलटा केला तर हातात किती आहे हे कळण्याआधीच कर्ज कबूल होतं आणि मग शेजारणीसमोर शब्द मागे घ्यायची वेळ येते.

व्याज घटत्या बाकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच काढा. ६,००० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २ आणि मुद्दलाचा हप्ता १,००० धरला, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२०, मग १००, ८०, ६०, ४०, २०. एकूण ४२०. मूळ रकमेवरच दर महिन्याला १२० घेत राहिलात तर ७२० होतात, म्हणजे ३०० रुपये जास्तीचे. हे गणित प्रत्येकीकडून एकदा तोंडी करून घ्या. ज्यांना हे जमतं त्या फायनान्सवाल्याने सांगितलेला हप्ताही तपासून बघतात.

हप्ता अर्धवट आला की खरी गडबड होते. समजा बाकी ४,००० आहे, व्याज ८० झालं आणि ताईंनी ५०० च आणले. आधी ८० व्याजात, उरलेले ४२० मुद्दलात. नवी बाकी ३,५८०. पुष्कळ ठिकाणी पूर्ण ५०० मुद्दलात टाकतात. त्या दिवशी रोकड बरोबर जुळते, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षअखेरीला व्याजाचा आकडा कमी का, यावर मात्र भांडण होतं.

उठण्यापूर्वी रोकड जुळवा. मागची शिल्लक ३५०, बचत २,४००, हप्ते ३,०००, व्याज २६०, दंड २०: एकूण जमा ६,०३०. त्यातून कर्ज दिलं ५,०००, बँकेत भरायला काढले ७००. पेटीत ३३० उरायला हवेत. नोटा एकीने मोजायच्या, दुसरीने पुन्हा मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायचा. वाचता न येणाऱ्या सदस्येला हे मोजण्याचं काम आवर्जून द्या. पैशाचा हिशेब बहुतेकींचा तोंडी पक्का असतो, अडतं ते कागदावर. तिला आधी स्वतःच्या पासबुकातले आकडे ओळखायला लावा, रोकड वही नंतर. दहा-पाच रुपयांचा फरक आला तर खिशातून भरून मिटवू नका. फरक लिहा आणि शोधा. बहुधा दंड घेतलेला असतो पण लिहिलेला नसतो.

लिहिणारीच्या शेजारी दर बैठकीला दोघींना बसवा. एक रोकड वही वाचून दाखवेल, दुसरी पासबुकं भरेल. सहा महिन्यांनी पेन त्यांच्यापैकी एकीच्या हातात द्या. पहिल्या दोन बैठका रखडतील, खाडाखोडही होईल. चुकलेला आकडा गिरवायचा नाही. एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला सही.

ठरावात कर्ज कुणाला, किती, कशासाठी, किती हप्त्यांत आणि सूचक-अनुमोदक कोण, एवढं आलंच पाहिजे. ‘घरगुती कामासाठी’ असं लिहू नका; ‘शिलाई मशीन’, ‘शेळीखरेदी’, ‘मुलीची फी’ लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कर्ज नाकारायलाही आधार राहतो. सह्या ठराव वाचून झाल्यावरच घ्या. आणि बँकेच्या कोऱ्या स्लिपवर सह्या करून ठेवायच्या नाहीत, अध्यक्ष गावाला निघाल्या असल्या तरी. पैसे त्या परतल्यावर काढा.