जुन्या जीपचं स्टेअरिंग : बॉक्सला हात सगळ्यात शेवटी

मागच्या दिवाळीनंतर चंदगडकडनं १९७४ सालची महिंद्रा सीजे-थ्रीबी आणली. उंच बॉनेटवाली, विलिज या अमेरिकन कंपनीच्या लायसनवर आपल्याकडं बनायची तीच. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन कुणीतरी कधीच भंगारात घातलेलं, त्या जागी डिझेल बसवलेलं. शिनोळी सोडून हिंडलग्यापर्यंत येईस्तोवर माझे दोन्ही खांदे भरून आले. स्टेअरिंग चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं नुसतंच फिरायचं आणि गाडी आपल्या मनानं रस्ता धरायची. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, तू गाडी चालवूलालैस की गाडी तुला नेऊलालीय?"

माझं बेळगावात उद्यमबागेत लेथचं छोटं शॉप आहे. लोखंड कळतं म्हणजे जीपही कळते, असा माझा समज. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीच्या, बाजूच्या झाकणावरचा ॲडजस्टिंग स्क्रू पाऊण फेरा आवळला. प्ले, म्हणजे स्टेअरिंगचं ते नुसतंच फिरणं, निम्म्यावर आला. खूश होऊन जांबोटीमार्गे चोर्ल्याकडं निघालो. कणकुंबीच्या पुढं उतारावरच्या एका वळणात स्टेअरिंग वळवलं ते वळलेलंच राहिलं. सोडलं तरी परत येईना. दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं, गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

झालं काय होतं, ते आधी सांगतो. गाडी आयुष्यभर जास्त करून सरळच चालते, म्हणून बॉक्समधला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) मधोमध जास्त झिजतो, कडांना कमी. मधला प्ले मारायला स्क्रू आवळला की कडेला जागाच उरत नाही आणि ऐन वळणात बॉक्स जाम धरतो. ऑटोनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यांनी स्क्रू परत सैल केला, एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बॉक्स छलो ऐत्री. केळग नोड्री." बॉक्स बरा आहे, खाली बघा.

तर खाली काय असतं? बॉक्समधून ड्रॉप आर्म नावाचा लोंबता हात निघतो, त्याला ड्रॅग लिंक हा लांब दांडा. तो जातो पुढच्या आडव्या चॅनलवरच्या बेलक्रँकला, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या कोपऱ्याच्या हाताला. बेलक्रँकपासून दोन टायरॉड, एकेका चाकाला एक. ड्रॅग लिंकची दोन टोकं, टायरॉडची चार आणि बेलक्रँकची पिन धरली तर सात सांधे. प्रत्येकात पाव सूत ढिलाई असली तरी स्टेअरिंगवर तिची चार बोटं होतात. म्हणून सुरुवात जमिनीपासून करायची आणि वर चढत जायचं.

पहिल्यांदा टायर. हसू नका. माझ्या गाडीत पुढच्या एका चाकात १८ पौंड हवा होती, दुसऱ्यात ३०. गाडी डावीकडं ओढायची ती निम्मी यामुळंच. शिवाय मूळच्या ६.००-१६ ऐवजी कुणीतरी रुंद टायर चढवलेले. रुंद टायर आणि नाकावर जड डिझेल इंजिन, मग स्टेअरिंग हलकं कुठून लागणार? चाक उचलून फिरवा आणि टायरजवळ खडू धरून बघा. खडू एकाच ठिकाणी घासत असेल तर रिम वाकडी आहे नाहीतर टायरला फुगा आलाय. अशा चाकावर बाकीचं काहीही तपासून उपयोग नाही.

गाडी उचलताना मागच्या चाकांना दगड लावा आणि ॲक्सलखाली घोडी द्या. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. पावसाळ्यात आपल्या तांबड्या मातीत जॅक कसा रुततो हे खानापूरकडच्या माणसाला सांगायला नको.

आता चाक वर आणि खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. डगडगलं तर लगेच बेअरिंग मागवू नका. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर डगडग गेली तर हबचं बेअरिंग ढिलं आहे. तशीच राहिली तर किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावं-उजवं वळतं ती. माझ्या डाव्या चाकाची गेली, उजव्याची राहिली. म्हणजे दोन्हीकडं दोन वेगळी दुखणी, आणि मी मात्र बॉक्सला शिव्या देत होतो.

या गाडीच्या किंगपिनला बुश नसतो. वर-खाली दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि टोप्यांखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या. थोडीशीच ढिलाई असेल तर शिम काढून ती मारता येते. वरून आणि खालून सारख्याच जाडीचे काढा, नाहीतर नकल (चाकाबरोबर वळणारा भाग) एका बाजूला सरकतो. पण आधी टायरॉड सोडून नकल हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडं एकसारखा, किंचित जड फिरला पाहिजे. बरोबर मधोमध आल्यावर खाच लागल्यासारखा अडकत असेल तर रोलरनी कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) घर केलंय. असं बेअरिंग शिम काढून आवळलं तर गाडी सरळ रस्त्यावर आणखीच हट्टी होते. ते बदलायचंच. माझ्या उजव्या बाजूचं बोटाच्या नखाला लागत होतं, इतकी खाच.

यापुढची तपासणी चाकं जमिनीवर टेकवून करायची, कारण वजन पडल्याशिवाय सांधे खरं बोलत नाहीत. इंजिन बंद. भाच्याला सीटवर बसवलं आणि सांगितलं, स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, जेवढा प्ले आहे तेवढंच डावं-उजवं, सावकाश, थांबायचं नाही. मी बंपरखाली पाठीवर. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तळहात ठेवा. सांध्याचे दोन्ही भाग एका मुठीत येतील असे धरा. एक भाग हलला आणि दुसरा मागून हलला तर मधलं अंतर तळव्याला चिमटा घेतल्यासारखं कळतं.

टायरॉडची तीन टोकं बरी निघाली, एक गेलेलं. मग हात बेलक्रँकवर ठेवला. ड्रॅग लिंकनं ओढलं की बेलक्रँक आधी तिरका व्हायचा, पिनेवर थोडा उचलायचा, मग वळायचा. परत येताना तसाच आधी कलायचा. भाचा वरून ओरडला, "मामा, फिरवू काय अजून?" मी म्हटलं फिरव की. सापडलेला चोर बघतच राहावंसं वाटत होतं. चार बोटांतली निदान दोन इथंच होती.

बेलक्रँक हा या जीपचा दुखरा गुडघा. मुळात त्यात सुया म्हणजे नीडल बेअरिंग असतात. ग्रीस मिळालं नाही की पाणी-चिखल आत जाऊन त्यांचा चुरा होतो आणि पिन एका अंगानं खाल्ली जाते. किट मिळालं तर किट बसवा. मला त्या आठवड्यात मिळालं नाही, म्हणून नवी पिन केली आणि गनमेटलचा बुश टर्न करून, बसवल्यावर रीमर मारून ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवली. ग्रीसला चर विसरू नका. पहिल्या बुशला मी विसरलो होतो, धंदा लेथचा असून.

ड्रॅग लिंकच्या टोकाला आत स्प्रिंग आणि बॉलच्या वाट्या असतात, बाहेरून प्लग. बेलक्रँककडचा प्लग पूर्ण आवळून मग अर्धा फेरा मागं घ्या आणि नवी कॉटर पिन घाला. जुनी सरळ करून परत घालायची सवय आपल्याकडं फार आहे. स्टेअरिंगच्या कामात ती सोडा. आणि वाकलेल्या किंवा तुटलेल्या लिंकला वेल्डिंग मारून कुणी देत असेल तर त्या शॉपमधून गाडी बाहेर काढा.

त्याच अवस्थेत, भाचा स्टेअरिंग हलवत असतानाच, बॉक्स चेसिसवर जिथं बोल्ट केलाय तिथं बघा. बॉक्सच हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा चेसिसला चीर गेलीय. रंगाखाली चीर दिसत नाही, गंजाची बारीक रेघ दिसते. पाट्यांच्या शॅकलमध्ये (पाटा चेसिसला टांगणाऱ्या कडीत) टॉमी घालून उचकटून पाहा, यू बोल्ट आवळा. पाटा पुढंमागं सरकत असेल तर ब्रेक मारला की गाडी एकीकडं जाते.

पन्नासच्या वेगाला खड्डा लागून पुढची चाकं थरथरायला लागली आणि थांबेपर्यंत थांबलीच नाहीत, असं झालं तर लोक स्टेअरिंग डँपर (थरथर शोषणारा छोटा शॉकॲब्सॉर्बर) बसवायला सांगतात. डँपर दुखणं झाकतो. त्या थरथरीचं मूळ बहुतेक वेळा किंगपिन, बेलक्रँक किंवा टायरमध्ये सापडतं.

सांधे नीट झाल्यावरच अलाइनमेंट. बेलक्रँक सरळ समोर ठेवा, डावा टायरॉड फिरवून डावं चाक चेसिसला समांतर करा आणि मग फक्त उजव्या टायरॉडनं टो-इन काढा. चाकं पुढून मागच्यापेक्षा ३/६४ ते ३/३२ इंच जवळ हवीत, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. दोन्ही टायरवर खिळ्यानं रेघ मारून हबच्या उंचीला टेपनं मोजलं तरी पुरतं. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं कललेला कोन, मूळचा ३ अंश. पाटे बदलताना ॲक्सलखालची पाचर कुणी उलटी बसवली असेल तर वळणातून स्टेअरिंग परत येत नाही, आणि दोष पुन्हा बॉक्सवर जातो.

इतकं झाल्यावर माझ्याकडं दीड बोट प्ले उरला. मग बॉक्स. आधी तेल. माझ्या बॉक्समध्ये तेल नव्हतंच, कुणीतरी ग्रीस कोंबलेलं. धुऊन गिअर ऑइल भरलं. ड्रॅग लिंक सोडून स्टेअरिंग मधोमध आणलं. कॉलम वर-खाली हलत असेल तर वरच्या झाकणाचे शिम आधी, बाजूचा स्क्रू नंतर. स्क्रू पाव फेऱ्याहून कमी आवळायचा, लॉकनट घट्ट करायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठंही जड लागलं तर मागं घ्यायचं, मध्ये थोडा प्ले राहिला तरी चालेल.

आता एक बोट आहे. पिरनवाडीच्या वळणातून बाहेर पडताना मूठ सैल सोडली की स्टेअरिंग आपसूक सरळ होतं. उजव्या नकलमधून ग्रीस गळतंय अजून. फेल्ट सील मागवलंय.