ईथरची बाटली उघडण्याआधी: डायएथिल ईथर सुरक्षित कसं हाताळावं

डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी बाटलीतलं ईथर त्याच्या उत्कलनबिंदूच्या पार गेलेलं असतं, केवळ घट्ट बुचामुळे ते द्रवरूपात टिकून राहतं. ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं सूचनापत्रकात लिहिलेलं असतं खरं, पण ती खोली २५ अंशांची धरलेली असते. आपली तशी नसते, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

बी.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगांत, फार्मसीत, दुधातलं स्निग्धांश मोजणाऱ्या रोझ-गॉटलिब पद्धतीत हे द्रावक आजही वापरलं जातं. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने त्याच्या वाफेने रुग्णाला भूल देऊन दाखवली. पुढे शस्त्रक्रियागृहांत विजेची उपकरणं आली आणि ही पेट घेणारी वाफ तिथे ठेवणं परवडेनासं झालं. ईथर मागे पडलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

पेट घेण्याबाबतचे आकडे असे: ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगी मिळाली तर वाफ पेटू शकेल असं किमान तापमान, उणे ४५ अंश, त्यामुळे फ्रीजरमध्ये ठेवलेलं ईथरसुद्धा पेटू शकतं. हवेत वाफेचं प्रमाण १.९ टक्क्यांपासून सुमारे ३६ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी ती पेटते. वाफ हवेच्या अडीचपट जड असल्याने गळक्या सिलिंडरच्या गॅससारखी खाली बसते, टेबलावरून घरंगळते, फरशीवरून लांब जाते आणि दूरच्या ठिणगीपासून ज्योत उलट बाटलीपर्यंत येते. शिवाय साधारण १६० ते १८० अंशांवर ती ज्योतीविनाही पेटते. हॉट प्लेटचा पृष्ठभाग त्याहून सहज जास्त तापतो. १०० मिलिलिटर ईथर सांडून सगळं उडालं तर साधारण २४ लिटर वाफ होते, आणि ती नीट मिसळली तर सव्वा घनमीटर हवा पेटण्याजोगी करायला पुरते.

म्हणून प्रत्येक पायरीला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: वाफ आता कुठे जाणार?

१. मुळात ईथर लागतंच का?

अनेक निष्कर्षणं एथिल अॅसिटेटने होतात. ते ७७ अंशांना उकळतं. मिथाइल टर्शरी-ब्यूटिल ईथर ५५ अंशांना उकळतं आणि त्यात पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगं सहजी होत नाहीत. दोन्ही ज्वालाग्राही आहेत, पण दोघांशी वागणं सोपं. प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीत लिहिलंय एवढ्यासाठी ईथर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२. बाटलीचं वय पाहा, हात लावण्याआधी

आगीची भीती सगळ्यांना असते. जुन्या बाटलीची फारशी कुणाला नसते, आणि मला तीच जास्त धोकादायक वाटते. ईथर हवेतला ऑक्सिजन हळूहळू घेऊन पेरॉक्साइड बनवतं. उजेडात हे लवकर होतं, म्हणून बाटली तपकिरी असते. हे पेरॉक्साइड धक्क्याने, घर्षणाने किंवा उष्णतेने स्फोट पावतात. विक्रीच्या ईथरमध्ये बहुधा बीएचटी हे संरक्षक असतं, मात्र ऊर्ध्वपातनात ते मागेच राहतं. प्रयोगशाळेतच ऊर्ध्वपातन करून ‘शुद्ध’ केलेलं ईथर त्यामुळे विकतच्यापेक्षा लवकर बिघडतं.

बाटली आली त्या दिवसाची आणि उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने लेबलवर लिहा. उघडलेली बाटली सहा महिन्यांत संपवा किंवा काढून टाका, संरक्षक नसलेली त्याहून बरीच आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विभागातल्या बाटल्या मोजून घेतल्या तर जूनमध्ये डोकेदुखी होत नाही.

बुचाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तळाशी चिकट थर दिसला, किंवा तारीखच नसलेली धुळकट बाटली कपाटामागून निघाली, तर ती उचलू नका, हलवू नका, झाकण मुळीच फिरवू नका. खोली रिकामी करा, दार लावा, विभागप्रमुखांना सांगा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. ‘बघू तरी आत काय आहे’ हा मोह इथे जिवावर बेततो.

बाटली ठीक दिसली तरी वापरण्याआधी चाचणी करा. ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड ताजं मिसळा आणि त्यात एक मिलिलिटर ईथर घाला. शेजारी ईथर न घातलेली दुसरी परीक्षानळी तुलनेला ठेवा. फिकट पिवळा रंग म्हणजे थोडे पेरॉक्साइड, तपकिरी म्हणजे भरपूर. पेरॉक्साइडच्या तयार पट्ट्याही मिळतात, त्यांत अंदाजे आकडा कळतो. पिवळेपणा दिसलेलं ईथर तापवायचं नाही. तपकिरी आलं तर बाटली बाजूला ठेवून जाणकाराला बोलवायचं.

३. जागा आणि कपडे

काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ ओढून बाहेर सोडणाऱ्या बंदिस्त कपाटात. संपूर्ण खोलीत बर्नर बंद, नुसता तुमच्या टेबलावरचा नव्हे. गीझर, हीटर, हॉट प्लेट, मोबाइलचा चार्जर, सगळं आधी बंद करा. भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखा हूडची जागा घेत नाही. तो वर असतो आणि वाफ खाली, शिवाय त्याची मोटार साधी असेल तर तीच ठिणगी देते.

सुती कपडे, सुती एप्रन, बंद बूट, गॉगल. नायलॉन-पॉलिस्टरमध्ये स्थिर वीज साठते, आणि पेटल्यावर ते वितळून अंगाला चिकटतं. नायट्रीलचे हातमोजे शिंतोड्यांपुरते असतात, ईथर त्यांतून लवकर झिरपतं. ओले झाले की बदला.

४. उघडणं आणि ओतणं

उन्हाळ्यात बाटली आधी बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. बूच हळूहळू सैल करा, आतला दाब फुस्सकन निघू द्या. लागेल तेवढंच काढा आणि लगेच बूच लावा. उंचावरून धार सोडू नका, भांड्याच्या कडेने ओता. वेगाने वाहणाऱ्या ईथरमध्येही स्थिर वीज साठते. धातूच्या डब्यातून धातूच्या भांड्यात ओतायचं असेल तर दोन्ही तारेने जोडून अर्थिंग द्या.

सेपरेटिंग फनेलमध्ये (न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायच्या, तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात) ईथर घालण्याआधी जलीय द्रावण पूर्ण गार हवं. फनेल उलटा धरून एकदाच हलकेच हलवा आणि आतला दाब निघायला तोटी उघडा. नळीचं टोक वरच्या बाजूला, कुणाच्याही चेहऱ्यापासून दूर. सोडियम बायकार्बोनेटने धूत असाल तर कार्बन डायऑक्साइडही निघतो, तेव्हा तोटी आणखी वारंवार उघडावी लागते.

५. ऊर्ध्वपातन

सर्वाधिक काळजी इथे लागते. तापवायला फक्त गरम पाणी, ४५ ते ५० अंशांचं, दुसऱ्या खोलीत तापवून आणलेलं. बॉयलिंग चिप्स (द्रव न उसळता शांत उकळावा म्हणून टाकायचे सच्छिद्र तुकडे) थंड ईथरमध्ये घाला. विसरलात आणि तापलेल्या द्रवात टाकल्या तर सगळं एकदम उसळून बाहेर येईल.

आपल्याकडे हमखास फसणारी गोष्ट म्हणजे कंडेन्सरचं पाणी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३५-४० अंशांचं असतं, त्यात ईथरची वाफ द्रव होणारच नाही. कंडेन्सर लावलाय म्हणून आपण निर्धास्त, आणि वाफ मात्र सरळ बाहेर. पाण्यात बोट घालून पाहू नका, थर्मामीटर लावा. बर्फाचं पाणी फिरवा, ग्राही फ्लास्कही बर्फात ठेवा. त्यातून हवा निघायची वाट उघडी हवी. पूर्ण बंद जुळणी तापवायची नाही.

फ्लास्क कधीही कोरडा होऊ देऊ नका, निदान पाचवा हिस्सा मागे ठेवा. पेरॉक्साइड ईथरबरोबर उडत नाहीत. ते तळाशी साठत जातात आणि शेवटच्या काही मिलिलिटरमध्ये त्यांचं प्रमाण स्फोटाइतकं होतं. याच कारणाने, आणि वाफेमुळेही, ईथरने धुतलेली काचभांडी, ओला फिल्टर पेपर किंवा स्निग्धांशाचा फ्लास्क तसाच ओव्हनमध्ये सरकवायचा नाही. ओव्हनचा आकडा १०० असला तरी आतली कॉइल त्याहून खूप तापलेली असते. हूडमध्ये वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा, मगच ओव्हन.

६. सांडलं किंवा पेटलं तर

सांडल्यावर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायला नको आणि बंद करायलाही नको. खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. थोडंसंच असेल तर कोरडी वाळू टाका आणि ती हूडमध्ये न्या. गोडसर वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नाही, नाक सरावतं. गरगरायला लागलं तर मोकळ्या हवेत जा.

फ्लास्कच्या तोंडाशी छोटी ज्योत लागली तर काचेची थाळी सरकवून तोंड झाका, हवा तुटते आणि विझते. पेटलेला फ्लास्क घेऊन पळू नका. पाण्याची धारही नको, ईथर पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं एक्स्टिंग्विशर वापरा. कपडे पेटले तर जमिनीवर लोळायचं किंवा शॉवरखाली जायचं.

७. ठेवणं आणि काढून टाकणं

घरगुती फ्रीजमध्ये ईथर ठेवू नका. आतला थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच ठिणगी देतात. ज्वालाग्राही द्रावकांसाठीचा वेगळा फ्रीज मिळतो. नसेल तर उन्हापासून आणि आम्लं-ऑक्सिडीकारकांपासून दूर, धातूच्या कपाटात, गरजेपुरत्या एक-दोन बाटल्या ठेवा.

बेसिनमध्ये ओतणं हा तर सरळ गुन्हा समजा, वाफ गटारातून दुसऱ्याच खोलीत निघते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं द्रावक वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात साठवून मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यावं लागतं. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव इथे अशी केंद्रं आहेत. रिकामी बाटलीही रिकामी नसते, ती वाफेने भरलेली असते. भंगारवाल्याला देण्याआधी बूच काढून ती रात्रभर चालू हूडमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवा आणि लेबलवर काट मारा.