पुलावरचा भालेवाला: आवडत्या पात्राचं फॅनआर्ट कसं काढावं

मागच्या पावसाळ्यात माझा एक भालेवाला पुलावर मरता मरता वाचला. तेव्हापासून मी त्याचीच चित्रं काढतोय.

खेळाचं नाव ‘बॅटल फॉर वेसनॉथ’. २००३ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि घरातल्या जुन्या डबड्या कॉम्प्युटरवरही मुकाट चालतो. षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीने चाल, आणि एल्फ, बुटके, ऑर्क, सांगाडे अशी सगळी मंडळी. कथेतली मानाची पात्रं आहेतच: एल्फांमध्ये वाढलेला कॉनराड, त्याचा सांभाळ करणारा म्हातारा जादूगार डेल्फाडोर, राजकन्या लिसार. पण माझा जीव अडकतो तो साध्या शिपायात. १४ मोहरा मोजून तुम्ही एक स्पिअरमन, म्हणजे भालेवाला, घेता, कॉम्प्युटर त्याला कुठलं तरी नाव चिकटवतो, आणि दोन-तीन लढाया तो तगला की आपलाच माणूस होऊन बसतो. मोहीम खेळताना मेला तर मेला, पुढच्या लढाईला परत येत नाही. म्हणून माया जास्त.

फॅनआर्ट, म्हणजे आवडत्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र, काढायचं ठरलं की बहुतेक जण खेळातलं चेहऱ्याचं चित्र उघडतात आणि बघून बघून उतरवतात. हात बसायला ते ठीक आहे. पण त्यात तुमचं काय? तेच चित्र खेळात आहेच की. मी आधी पात्राची कामगिरी काढतो, चेहरा नंतर. पुढची सगळी पद्धत त्याच हिशेबाची आहे.

आधी चार ओळी लिहा

पेन्सिल उचलण्याआधी वहीत चार ओळी लिहायच्या: कुठे, कधी, समोर कोण, काय झालं. माझ्या वहीत असं आहे: ‘पूल. तिन्हीसांज. समोर घोडेस्वार. जीव उरला २.’

आता खेळाचा नियम बघा, कारण चित्र त्यातच दडलेलं असतं. घोडेस्वार चाल करून आला की मार दुप्पट होतो, पण दोन्ही बाजूंचा. भालेवाल्याचा गुण असा की हल्ला समोरच्याने केला तरी पहिला वार ह्याचाच. त्यात घोडेस्वार भाल्यासमोर मुळातच कच्चा. म्हणजे माझ्या गड्याने फार काही केलं नाही. तो हलला नाही, एवढंच. घोडा आपणहून भाल्यावर आला.

झालं, पोझ मिळाली. टाच मातीत रुतलेली, भाल्याचं मागचं टोक पायाशी टेकवलेलं, खांदे वर चढलेले, कारण भीती वाटतेच. भाला उगारून धावणारा वीर काढला असता तर चित्र दिसलं असतं झकास, पण तो माझा भालेवाला नसता.

दुसरी पात्रंही अशीच उलगडतात. व्हाइट मेज हा जादूगार शेजारच्या घरातल्या जखमींना बरं करतो, म्हणून त्याला एकटा काढण्यात अर्थ नाही. भोवती दोन-तीन वाकलेली डोकी हवीत. एल्फांची शामन मारामारीत बेताची, पण वेलींत अडकवून शत्रूला मंद करते. तिचं अर्धं चित्र शत्रूच्या पायांत असतं. उजेडसुद्धा शोभेला घालू नका. ह्या खेळात दिवसाचे सहा भाग आहेत. भालेवाल्यासारख्या ‘लॉफुल’ मंडळींचा मार दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो, सांगाड्यांचं बरोबर उलटं. माझी लढाई तिन्हीसांजेची, कुणालाच फायदा नसलेली. म्हणून आकाश राखाडी-केशरी ठेवलं आणि दोघांवर सारखाच उजेड टाकला.

लढाई झाल्यावर रिप्ले जपून ठेवता येतो. तो ठेवाच. आठवण फसवते: माझ्या डोक्यात शत्रू तीन होते, रिप्लेत एकच निघाला.

संदर्भ सोलापुरातच आहेत

इंटरनेटवर भालेवाला शोधलात तर शंभर जणांनी वापरलेला तोच फोटो मिळेल. त्यापेक्षा संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत मिरवणुकीच्या कडेला उभे राहा. सात नंदीध्वज निघतात, आणि पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी तोलून चालतात. बहुतेकांची नजर ध्वजाच्या टोकाकडे असते. तुम्ही कमरेकडे बघा. सगळा भार तिथे बसलेला असतो, कोपरं अंगाला चिकटलेली, गुडघे किंचित मोडलेले, मान मागे. लांब काठी पेलणाऱ्या माणसाचं शरीर कसं वागतं, हे कुठल्याही चित्रकलेच्या पुस्तकापेक्षा तिथे चांगलं कळतं.

एक मात्र पाळा. अंगाची ठेवण उचला, ध्वज उचलू नका. ध्वजावरची सजावट खेळातल्या भाल्याला लावलीत तर घरातली मोठी माणसं दुखावतील, आणि खरं सांगायचं तर चित्रही उसनं दिसेल.

दगडासाठी भुईकोट किल्ला आहेच. संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन तटावर पडतं तेव्हा प्रत्येक चिऱ्याची कड वेगळी दिसते. माझ्या पुलाचे दगड तिथूनच आलेत. हातांसाठी धाकट्या भावाला गच्चीवर उभं केलं आणि जळमटं काढायची काठी हातात दिली. पंधरा फोटोंपैकी दोन कामाचे निघाले. बाकीच्यांत तो हसतोय.

डाग काढा

आता तिकिटाएवढी दहा छोटी चित्रं काढा, प्रत्येकाला दोन मिनिटं. तपशील नको, बाहेरची आकृती फक्त काळी भरायची. ह्यालाच मी डाग म्हणतो. मग कागद भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून कळलं पाहिजे हा कोण आणि काय करतोय.

माझा पहिला डाग मित्राने बघितला आणि म्हणाला, “काय बे, शेंगा भाजतोय का हा?” बरोबर होतं. भाला पोटासमोर आडवा आला होता आणि पुढचा घोडा कढईसारखा दिसत होता. भाला अंगापासून सुटा काढला, दोघांच्या मध्ये मोकळी जागा सोडली, तेव्हा कुठे तो लढायला लागला.

ग्राफवर उतरवा

इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे काम आपल्या गावाच्या हाडात आहे.

वेसनॉथमधला शिपाई ७२ बाय ७२ ठिपक्यांच्या चौकोनात बसतो. त्या चित्राला स्प्राइट म्हणतात. तसा स्प्राइट करायचा म्हणून मी माउस घेऊन आठवडाभर झटलो, आणि जे झालं ते चिखलासारखं दिसत होतं. आमच्या शेजारच्या मामांनी आयुष्यभर चादरींच्या नक्ष्या काढल्या. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली आणि विचारलं, “हे ग्राफवर का नाही करत?”

ज्यावर अशा नक्षीच्या चादरी विणतात त्या जकार्ड मागाची गोष्ट अशी. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकारने तो बसवला. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा मोर जवळ जाऊन बघा, पायऱ्या पायऱ्यांचा दिसेल. स्प्राइट ह्याहून वेगळा काय असतो?

तर साधा मिलिमीटरचा ग्राफ पेपर घ्या. दोन मिलिमीटरची एक चौकट धरलीत की ७२ चौकटी १४४ मिलिमीटरमध्ये येतात, ए-फोर कागदावर आरामात. निवडलेला डाग त्यावर पुसट काढा आणि कडेकडेने चौकटी भरत चला.

मामांनी शिकवलेलं जसंच्या तसं सांगतो. तिरकी रेघ सारख्या पायरीनं चालवायची. दोन चौकटी आडव्या, एक वर, पुन्हा दोन, एक. मध्येच कुठे तीन घातल्या की तिथे दात दिसतो, कापडावरही आणि स्क्रीनवरही. माझ्या भाल्याला असे चार दात होते. मी भाल्याचा कोन थोडा बदलला, पायरी बसली, आणि भाला एकदम सरळ झाला. वळणाचा नियम निराळा: पायऱ्या क्रमाने लहान होत जायला हव्यात. शिरस्त्राणाची कड वरून उतरताना पाच, तीन, दोन, एक, एक. पाच, दोन, तीन केलंत की टोपीला पोचा आलाच.

चेहऱ्याला माझ्या ग्राफमध्ये जेमतेम आठ चौकटी आल्या. डोळा म्हणजे एक चौकट. मी नाक काढायला बघत होतो तर मामा म्हणाले, “नाकाचा नाद सोड. मान खाली घाल त्याची, घाबरलेला दिसेल.” आणि दिसला!

रंग मोजून घ्या. मी बाराच ठेवले: कातडीचे तीन, लोखंडाचे तीन, कापडाचे तीन, चामड्याचे दोन आणि कडेचा एक. कड ठार काळी करू नका, गडद तपकिरी किंवा निळसर ठेवा, नाहीतर शिपाई स्टिकरसारखा वेगळा पडतो. सावलीसाठी त्याच रंगात काळा मिसळण्यापेक्षा थोडा निळा किंवा जांभळा मिसळा. स्प्राइट खेळातच वापरायचा असेल तर सैन्याचा रंग दाखवणारा भाग ठरावीक मजेंटा छटांमध्ये रंगवावा लागतो. खेळ त्याजागी लाल, निळा, जो संघ असेल तो रंग आपणच भरतो.

कॉम्प्युटरवर

हा भाग सोपा आहे. चित्रं काढायची क्रिटा आणि गिंप ही सॉफ्टवेअर दोन्ही फुकट, ब्राउझरमध्ये पिस्केल चालतं, फक्त मोबाइल असेल तर आयबिस पेंट. ७२ बाय ७२ चा कॅनव्हास उघडा, एका पिक्सेलची पेन्सिल घ्या आणि कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायझिंग बंद करा. ते चालू राहिलं तर कडेला नको ते पुसट रंग येतात आणि तुमचे बारा रंग बघता बघता साठ होतात. मग ग्राफ बघून एकेक ठिपका भरा. दोन संध्याकाळी लागतात. रेडिओ लावून बसा.

मोठं करताना नेहमी पूर्ण पटीत करा, दहापट किंवा वीसपट, आणि पद्धत ‘निअरेस्ट नेबर’ निवडा. वीसपटीने १४४० पिक्सेल होतात. इंचाला २०० धरले तर छपाई ७.२ इंच येते, ए-फोरवर नीट बसते. फाइल पीएनजीच ठेवा. मी पहिल्यांदा जेपीजी करून व्हॉट्सॲपवर छपाईवाल्याकडे पाठवली, त्याने ती ताणून मोठी केली, आणि माझा भालेवाला कापूस पिंजल्यासारखा होऊन आला. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवतो आणि आधी एक छोटी प्रत काढून बघतो.

लोकांना दाखवताना

चित्राखाली पात्राचं नाव, खेळाचं नाव आणि ‘फॅनआर्ट’ हा शब्द लिहा. कुणाचं चित्र समोर ठेवून काढलं असेल तर त्याचंही नाव द्या. दुसऱ्या चाहत्याचं चित्र गिरवून आपलं म्हणून खपवणं ही चोरीच, मग रंग कितीही बदला. वेसनॉथचं बरं आहे. त्यातली कला मुक्त परवान्यांखाली आहे, बरीचशी जीपीएल आणि काही क्रिएटिव्ह कॉमन्स, त्यामुळे श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून तिच्यावर पुढे काम करता येतं. ‘फायर एम्ब्लेम’सारख्या कंपनीच्या खेळांचं तसं नाही. तिथली पात्रं कंपनीच्या मालकीची. हौसेने काढणं वेगळं आणि टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. विकण्याआधी त्या कंपनीचे नियम वाचा.

दुसऱ्यांच्या चित्रांना दाद देणं हा ह्या हौसेचा अर्धा भाग आहे, आणि त्यात आपण फार कंजुषी करतो. ‘लई भारी’ लिहून पुढे सरकतो. काढणाऱ्याने तीन रात्री घालवलेल्या असतात. निदान एक नेमकी गोष्ट सांगा. आमच्या गटात बारा वर्षांच्या एका मुलीने डेल्फाडोर काढला होता. हात चुकलेले, काठी वाकडी. पण त्याची दाढी वाऱ्याने एका बाजूला गेली होती आणि झगा मात्र स्थिर होता, जणू वारा त्याच्या जादूचाच. मी तेवढंच लिहिलं. तिचं उत्तर आलं, “काका, झगा रंगवायचा राहिला होता, पण आता तसाच ठेवते.” चूक दाखवायची असेल तर आधी विचारा, हवी आहे का म्हणून. नको म्हटलं तर गप्प बसा.

माझ्या भालेवाल्याला मध्यंतरी बढती मिळाली, पाइकमन झाला. भाला लांबला आणि ७२ चौकटींच्या बाहेर गेला. मामांना सांगितलं तर त्यांनी काही न बोलता खळीचा डबा काढला आणि वरच्या बाजूला ग्राफचा दुसरा कागद चिकटवून दिला.