सुईपासून सुरुवात: चुंबकत्व आणि विद्युतचुंबकत्व घरच्या घरी कसं समजून घ्यावं

विद्युतधारेच्या परिणामांचा धडा सुरू झाला की वर्गातली मुलं हात हवेत धरून बोटं वळवायला लागतात. उजव्या हाताचा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं, मग पुन्हा उजवा हात. नियम पाठ होतात, पण पेपर समोर आला की कुठला हात कशासाठी हेच आठवत नाही. खरं तर सुई कुठे वळली आणि तार कुठे सरकली हे आधी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं, नियम त्यानंतर बसवले गेले. इथेही तोच क्रम ठेवू: आधी सुई, मग तार, हात सगळ्यात शेवटी.

काय काय लागेल

एक पट्टीचुंबक, शिवणाची सुई, टॉर्चचे दीड व्होल्टचे मोठे सेल, टाचण्या, तीन इंची खिळा, पॉलिश पेपर आणि वाइंडिंगची तांब्याची तार. ही तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते; २६ गेजची मागा, पंधरा-वीस मीटर पुरे. हार्डवेअरच्या दुकानातून थोडी बाइंडिंग वायरही आणा, म्हणजे स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात ती काळी मऊ तार. तिचं काम पुढे आहे.

भिंतीतल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही. मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँकही नको. शॉर्ट झाली तर ती पेट घेऊ शकते. टॉर्चचा सेल फार तर तापेल, आणि तोही तापू देऊ नका: एका वेळी चार-पाच सेकंद जोडणी पुष्कळ झाली.

पायरी १: सुईला चुंबक बनवा

चुंबकाचा दक्षिण ध्रुव सुईच्या नेढ्यापासून टोकापर्यंत घासत न्या, टोकाशी उचला, हवेतून परत नेढ्याकडे आणा. असं तीसेक वेळा करा. पुढे-मागे घासलात तर आधी केलेलं काम पुसलं जातं. जिथून चुंबक उचलता त्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून दक्षिण ध्रुवाने घासल्यावर टोक उत्तर ध्रुव बनतं.

सुई थर्माकोलच्या पातळ चकतीवर ठेवून प्लास्टिकच्या वाडग्यात पाण्यावर सोडा. स्टीलचा वाडगा टाळा, कारण काही प्रकारचं स्टील चुंबकाकडे ओढलं जातं. सुई दोन-तीन हेलकावे घेईल आणि टोक उत्तरेकडे करून थांबेल. ही तुमची चुंबकसूची.

परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न इथेच सुटतो. सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो आणि आकर्षण तर विजातीय ध्रुवांमध्येच होतं. म्हणजे पृथ्वीला मोठा चुंबक मानलं, तर भौगोलिक उत्तरेच्या बाजूला त्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे.

पायरी २: बलरेषा पाहा

लोहकीस विकत आणायची गरज नाही. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूत फिरवा. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे, आणि त्यातलं मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज झिजून नदीच्या वाळूत येतं. कोकणच्या किनाऱ्यांवरही काळी वाळू सापडते. पिशवीला काळे कण चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की ते कागदावर गळून पडतात. पिशवी विसरलात तर मात्र चुंबकाला दाढी फुटेल आणि ती निघता निघणार नाही.

चुंबकावर जाड कागद ठेवा, कण भुरभुरवा, कागदाला टिचकी मारा. कण ज्या रेषांत लागतात त्या बलरेषा; त्या चुंबकाच्या क्षेत्राची, म्हणजे तिथे ठेवलेली सुई जिकडे वळेल ती, दिशा दाखवतात. ध्रुवांजवळ रेषा दाट, मध्ये विरळ. मुलं अनेकदा दोन बलरेषा एकमेकींना छेदताना काढतात. तसं का होत नाही हे सुईला विचारा: छेदबिंदूवर ठेवलेल्या सुईला एकाच वेळी दोन दिशा दाखवाव्या लागतील.

पायरी ३: ओरस्टेडचा प्रयोग

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्टियन ओरस्टेड यांनी वीज वाहणाऱ्या तारेजवळची चुंबकसूची वळताना पाहिली. तोपर्यंत वीज आणि चुंबक हे दोन वेगळे विषय होते.

तार सुईच्या वर, सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर धरा आणि ती उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सुईला समांतर. इथेच बऱ्याच जणांचा प्रयोग फसतो. तार पूर्व-पश्चिम धरली तर तिचं क्षेत्र सुईजवळ उत्तर-दक्षिणच पडतं आणि सुई बहुधा हलतच नाही. दुसरी अडचण तारेच्या इनॅमलची, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या लेपाची. ते पारदर्शक असल्यामुळे तार उघडी वाटते, पण नसते. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने तांबं लख्ख दिसेपर्यंत घासा.

विद्युतधारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाईल असा सेल क्षणभर जोडा. सुईचा उत्तर ध्रुव पश्चिमेकडे वळेल. सेल उलटा केलात तर पूर्वेकडे. तार सुईच्या खालून नेलीत तर पुन्हा दिशा बदलेल. हे तिन्ही प्रकार पाहून झाले की उजवा हात काढा: अंगठा धारेच्या दिशेने, मुडपलेली बोटं क्षेत्राच्या दिशेने. आता नियम तपासता येतो.

थोडं गणितही करा. लांब सरळ तारेत २ अँपिअर धारा असेल तर १ सेंटिमीटरवर तिचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) भरतं. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकही जवळपास तेवढाच, ३८-३९ मायक्रोटेस्लाच्या आसपास. दोन सारखी बलं काटकोनात ओढत असली की सुई मधोमध, साधारण ४५ अंशांवर थांबते. म्हणजे सुई किती वळली यावरून धारा किती याचा अंदाज येतो.

या छोट्याशा परिणामामुळे एक अख्खी वेधशाळा हलवावी लागली होती. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या धारांमुळे नोंदी बिघडतील हे उघड होतं. म्हणून १९०४ साली हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं गेलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आजही चालू आहे.

पायरी ४: विद्युतचुंबक

खिळ्यावर तार एकाच दिशेने, वेढ्याला वेढा लागून गुंडाळा. शंभर वेढे घ्या. एका थरात मावले नाहीत तर दुसरा थर त्याच फिरकीने घाला. अर्धे वेढे उलटे घातलेत तर दोन भागांची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. टोकं घासा, सेल जोडा, टाचण्या उचला, मोजा.

विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये केलेल्या पहिल्या विद्युतचुंबकात उघडी तार होती. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्यांना लोखंडावर वॉर्निश लावून वेढे सुटे ठेवावे लागले. जेमतेम अठरा वेढे, तरी सुमारे २०० ग्रॅमच्या त्या लोखंडाने ४ किलोच्या आसपास वजन उचललं. पुढे जोसेफ हेन्री यांनी तारेलाच आवरण दिलं, आणि मग थरावर थर चढवता आले.

आता खिळ्याऐवजी बाइंडिंग वायरचे वीस-पंचवीस तुकडे जुडी करून वापरा. सेल काढल्यावर खिळ्याला एखाद-दुसरी टाचणी लटकत राहते. जुडीवरच्या जवळजवळ सगळ्या पडतात. लोखंडात अतिसूक्ष्म चुंबकीय प्रदेश असतात. बाहेरचं क्षेत्र मिळालं की ते एका दिशेला वळतात आणि नालकुंतलाचं, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याचं, बळ कित्येक पटींनी वाढवतात. मऊ लोखंडात ते सहज परत विस्कटतात, टणक पोलादात अडकून बसतात. कायमचा चुंबक पोलादाचा आणि क्रेनचा विद्युतचुंबक मऊ लोखंडाचा का, याचं उत्तर या पडलेल्या टाचण्यांमध्ये आहे.

वेढे दुप्पट केले की टाचण्याही दुप्पट, असं पुस्तकी उत्तर इथे येईलच असं नाही. तार लांबली की तिचा रोध वाढतो, धारा घटते. शिवाय लोखंडातले सगळे प्रदेश एकदा वळले की वाढायला फारसं काही उरत नाही.

ध्रुव ओळखायचा तर खिळ्याच्या टोकाकडे समोरून पाहा. धारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर ते टोक दक्षिण, उलटी फिरत असेल तर उत्तर. सुई जवळ नेऊन खात्री करा.

पायरी ५: बल

डाव्या हाताचा नियम चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर बल कुठल्या दिशेने लागतं ते सांगतो. तो पाहायला ॲल्युमिनियम फॉइलची एक सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते. ध्रुव वर करून ठेवलेल्या चपट्या चुंबकावरून ती सैल आडवी न्या आणि टोकांना सेल टेकवा. पट्टी झटकन बाजूला सरकेल, सेल उलटा केला की दुसऱ्या बाजूला. मोटार फिरते ती याच बलामुळे.

पायरी ६: उलटा प्रवास

चुंबकापासून वीज मिळवायला मायकेल फॅरडे यांना १८३१ साल उजाडलं. लोखंडी कड्यावर दोन वेगळी कुंतलं, एकाला बॅटरी, दुसऱ्याजवळ सुई. बॅटरी जोडताना सुईने झटका दिला आणि ती जागेवर आली. धारा वाहत असताना काहीच नाही. बॅटरी काढताना उलटा झटका.

हे शाळेच्या गॅल्व्हॅनोमीटरवर, म्हणजे अगदी छोटी धाराही काट्याने दाखवणाऱ्या उपकरणावर, करा. प्लास्टिकच्या नळीवर दोन-तीनशे वेढे घाला, टोकं गॅल्व्हॅनोमीटरला जोडा आणि चुंबक आत-बाहेर करा. मग चुंबक आतच स्थिर धरा. काटा शून्यावर येतो. आता चुंबक जागेवर ठेवून नळी हलवा. काटा पुन्हा हलतो. महत्त्व क्षेत्र किती आहे याला नसून ते किती वेगाने बदलतंय याला आहे, हे एवढ्यावरून दिसतं.

घरी गॅल्व्हॅनोमीटर नसेल तर छोटा निओडिमियम चुंबक आणि पडद्याचा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या. पाइपला चुंबक चिकटत नाही हे आधी तपासा. बाजारातले बरेच पाइप लोखंडीच असतात. पाइप उभा धरून चुंबक आत सोडा. बाहेरून सोडलेला खडा जमिनीवर पोचला तरी चुंबक अजून आतच असतो. पडणाऱ्या चुंबकामुळे पाइपच्या भिंतीत धारा प्रवर्तित होतात आणि त्या चुंबकाच्या पडण्यालाच विरोध करतात. हा लेंझचा नियम. पाइपला उभी चीर पाडून पुन्हा चुंबक सोडा: धारांना पूर्ण गोल फिरायला वाट राहत नाही आणि चुंबक आधीपेक्षा लवकर खाली येतो.