युकेत नर्स आहात आणि एनएमसीची (तिथल्या नर्सिंग कौन्सिलची) नोटीस आली तर

मी फोंड्याची. बांबोळीला नर्सिंग केलं, सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि ऑस्की (प्रॅक्टिकल परीक्षा) पास होऊन इंग्लंडात एका केअर होममध्ये लागले. एका नाईटला दोन आजींच्या गोळ्यांची माझ्या हातून अदलाबदल झाली. दोघींनाही काही झालं नाही पण मी घाबरून लगेच बोलले नाही, सकाळी हँडओव्हरला सांगितलं, आणि मला वाटतं चुकीपेक्षा तो उशीरच जास्त नडला. होमने एनएमसीला कळवलं, मग इंटरिम ऑर्डरच्या (चौकशी संपेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाच्या) हिअरिंगची नोटीस आली.

मी आईला फोन लावून रडले, म्हटलं रजिस्ट्रेशन गेलं गो. तसं नसतं. इंटरिम ऑर्डर ही शिक्षा नाही, पॅनल तुम्ही दोषी की निर्दोष ते ठरवतच नाही. चौकशी संपेपर्यंत तुमच्यापासून पेशंटना धोका आहे का, ते मुख्यतः बघतात. सस्पेन्शन लागू शकतं किंवा अटींवर काम करू देतात, कधी काहीच लावत नाहीत. ऑर्डर एका वेळी जास्तीत जास्त १८ महिन्यांची, पहिला रिव्ह्यू ६ महिन्यांच्या आत, आणि १८ च्या पुढे न्यायची तर एनएमसीला कोर्टात जावं लागतं.

मला अटी लागल्या: एकाच एम्प्लॉयरकडे काम, एजन्सी शिफ्ट बंद, शिफ्टची एकटी इनचार्ज व्हायचं नाही, औषधं दुसऱ्या रजिस्टर्ड नर्सच्या समोरच द्यायची. ऑर्डर एनएमसीच्या ऑनलाईन रजिस्टरवर (नर्सेसच्या यादीत) दिसते, कुणीही नाव टाकून बघू शकतं, त्याचा मला फार त्रास झाला.

नवीन जाणाऱ्या मुलींनो, पोचल्या पोचल्या युनियनची मेंबरशिप घ्या, प्रकरण घडल्यावर घेतली तर जुन्या प्रकरणाला सहसा मदत मिळत नाही. हिअरिंग बहुतेक ऑनलाईन असतं, ते चुकवू नका, तुम्ही नसलात तरी ते निर्णय घेऊ शकतात. हिअरिंगसाठी ट्रेनिंगचे सर्टिफिकेट, मॅनेजरचं पत्र, आणि काय चुकलं, आता काय वेगळं करता ते स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं रिफ्लेक्शन द्या, दुसऱ्याचं कॉपी केलेलं लगेच कळतं. नोकरी गेली तर व्हिसाचंही बघा, होम ऑफिस साधारण ६० दिवस देतं नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी जबाबदारी घेणारा एम्प्लॉयर) शोधायला.

मी सुपरवायझरकडून दर महिन्याला रिपोर्ट लिहून घेत गेले. पहिल्या रिव्ह्यूत तेच कामी आले, औषधांची अट काढली. इनचार्जची अजून आहे, चौकशी चालूच आहे, पण मी ड्युटीवर आहे.