पोट्टं अंगणवाडीत जायला तयार नाई? आदल्या रातीच हे करून ठेवा

माझा लहान्या साडेतीन वर्षांचा आहे आणि पोळ्याच्या आधीपासून दीड महिना तो रोज सकाळी दाराची चौकट धरून रडायचा. आता जातो. रोज हसत जातो असं नाही, पण जातो. आता कापूस फुटला की गावातल्या निम्म्या बाया वेचणीला जातील, आणि लेकरू गेलं नाही तर एकतर मजुरी बुडते नाहीतर ते दिवसभर वावरात धुऱ्यावर उन्हात बसून राहते, म्हणून म्हटलं लिहूनच काढू काय काय तयार ठेवायचं ते.

सगळ्यात आधी, कपड्या-डब्याच्याही आधी, ते कावून नाई म्हणते हे शोधा. सकाळी विचारून काही मिळत नाही, सकाळी फक्त रडणं मिळते. राती झोपताना पाठीवर हात फिरवत विचारायचं, आणि एका रातीत उत्तर येईल अशी आशा धरायची नाही. माझ्या पोरानं पाच-सहा रातींनंतर दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे "तिथं सुई टोचते". खरंच आहे ना ते, आमच्या गावात लसीकरण अंगणवाडीतच होते, दीड वर्षाचा असताना त्याला तिथंच बूस्टर दिला होता, आणि मागच्या महिन्यात दुसऱ्या लेकरांना टोचताना त्यानं पाहिलं. आता पाच वर्षाचा झाला की डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) अजून एक डोस आहेच, म्हणून "सुई नसते रे" असं खोटं मी बोलत नाही. नर्सबाईंचा दिवस कोणता ते अंगणवाडीच्या ताईंना विचारून ठेवते आणि बाकीच्या दिवशी त्याला ठामपणे सांगते, आज सुई नाही. त्या दिवशी दुसऱ्यांना टोचणार असतील तर तेही आधीच सांगते.

दुसरं म्हणाला, "बटन निघत नाई". यानं तर माझं काळीजच हललं. मी हौसेनं हुक आणि चेनची नवी पॅन्ट घातली होती, ती त्याला सोडता येत नव्हती, आणि एवढ्याशा जीवानं कितीतरी दिवस सू दाबून धरली होती, एकदा ओली झाली तेव्हा पोरं हसली. तर यादीत हे ठळक लिहा: इलॅस्टिकची चड्डी, जी लेकराला स्वतः खाली-वर करता येते, आणि पिशवीत अजून एक सुकी चड्डी. मदतनीस बाईंनाही कानात सांगून ठेवा की हा सांगत नाही, तासाभरानं तुम्हीच विचारा.

मग रातची तयारी. लाईट असेपर्यंत सगळं एका जागी काढून ठेवायचं, आमच्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही आणि अंधारात एक चप्पल शोधण्यात सगळी सकाळ बिघडते. चप्पल घराच्या आत घ्या, बाहेर ठेवली की कुत्रं उचलून नेते. दोन शर्ट काढून त्यालाच विचारा कोणता घालतो, दोनच काढा, पूर्ण पेटी उघडली की झालं. मोबाईल राती त्याच्या नजरेआड ठेवा, सकाळी हातात मोबाईल आला तर तो सोडवण्यातच पहिलं रडणं सुरू होते, हे मी चार घरी पाहिलं.

सकाळी खाण्यावरून जबरदस्ती करू नका. कुस्करा नाहीतर चून-पोळीचे चार घास गेले तरी चालते, कारण तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीत गरम आहार असतो. पण पाच-दहा रुपयांच्या खाऊच्या पुड्याची लालूच लावू नका. मी लावली होती, चौथ्या दिवशी पुडा आधी हातात घेतला आणि मग म्हणे जात नाई. त्यापेक्षा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल जाऊ द्या सोबत, दोरी धरून रस्ताभर त्याला हाकत नेण्यात पोट्टं स्वतःच चालते. शेजारची एखादी पोरगी रस्त्यानं हाक मारत जात असेल तर तिच्या माईशी आधीच बोलून ठेवा, आईनं दहा वेळा सांगण्यापेक्षा तिची एक हाक भारी पडते.

आणि लेकरं येत नाहीत ही तक्रार काही आजची नाही. लहान लेकरांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा पोरं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. मला हे वाचून सुचलं, आमच्या ताईंना मी दोन संध्याकाळी आमच्याच अंगणात चहाला बोलावलं. त्या त्याच्याशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या चिंचोके मांडून खेळत बसल्या. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याजवळ सरकला.

घरच्या माणसांनाही तयार करावं लागते बरं का. आमची मोठी माय मायेनंच म्हणायची, "रडू नको, नाई तं मॅडम मारते", आणि बाबा म्हणायचे पोलीस येते. त्यांना हात जोडून सांगितलं की जिथं त्याला चार तास बसायचं आहे त्या जागेचं भेव घालू नका.

उन्हाळ्यात सकाळची वेळ असते तेव्हा राती लवकर झोपवा, येताना ऊन डोक्यावर येते तर डोक्याला बांधायला दुपट्टा आणि पाण्याची बाटली आठवणीनं द्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, दोन पावलांत लेकराचा पाय उचलत नाही, तेव्हा सरळ कडेवर घ्या आणि तिथं पाय धुऊन आत सोडा. अंगात ताप असेल त्या दिवशी घरीच ठेवा, हे सांगायला नको.

शेवटचं म्हणजे निघायचं कसं. मी पहिल्या आठवड्यात त्याची नजर चुकवून पळायची, सगळे तसंच सांगत होते. त्यानं तो घरातही माझा पदर सोडेना, न्हाणीत गेली तरी दाराशी उभा. आता तोंडावर सांगते, "मी वावरात चालली, तुमची खिचडी होईल, हात धुवाल, मग मोठी माय दारात येईल". घड्याळ त्याला कळत नाही पण खिचडी कळते. एकदा पापी घेते, मागं वळत नाही, आणि मोठ्या माईला निक्षून सांगितलं आहे की खिचडी खाऊन हात धुऊन होतात तोवर दारात पोचायचं, एक दिवसही उशीर नको. परवा ती पोचली तर हा हात धुऊन ओल्या हातानंच दाराकडं बघत बसला होता, बैल मांडीवर.